पहिला घाणा

आमच्या घरात चकल्यांचा पहिला घाणा नेहमी माझ्या वाट्याला येतो. भाजणीत मोहन जास्त पडलेले असते, किंवा पीठ सैल भिजलेले असते, किंवा तेल तापण्याआधीच उतावळ्या हाताने सोऱ्या दाबलेला असतो; काहीही असो, त्या पहिल्या घाण्यातल्या चकल्या तुटतात, तेल पितात, नाही तर कढईत विरून जातात. आमची सौभाग्यवती त्या एका ताटलीत काढते आणि न बोलता माझ्यापुढे आणून ठेवते. दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यापासून ज्या काटेरी, खुसखुशीत चकल्या उतरतात त्या डब्यात जातात, आणि डब्यातून पाहुण्यांच्या बशीत. वीस वर्षांच्या संसारात ह्या वाटणीविषयी मी कधी तक्रार केलेली नाही. कोणीतरी तुटक्या चकल्या खाल्ल्याच पाहिजेत. त्याशिवाय सबंध चकल्या व्हाव्यात कशा?

यंदा सोऱ्या आमच्या मुलीच्या हातात होता. ती प्रथमच चकल्या पाडत होती, आणि तीही पाटावर बसून नव्हे, तर स्टुलावर बसून, उजवा पाय पुढे लांब करून. तो गुडघा अजून पुरता मुडपत नाही. पहिला घाणा बिघडला. "बाबा, हा तुमचा," असे म्हणून तिने ताटली पुढे केली. आणि त्या लांब केलेल्या पायाकडे पाहता पाहता माझ्या हातातली तुटकी चकली हातातच राहिली. तुटक्या चकल्या कोणी खायच्या हा प्रश्न मला पाच महिन्यांपूर्वी एका निराळ्याच ठिकाणी पडला होता. तिथे मी ताटली दुसऱ्याच्या पुढे सरकवली होती.

ती खो-खो खेळते. मे महिन्यात सरावाच्या वेळी खांबाला वळसा घालून ती परत फिरत होती. पाऊल जमिनीत रुतले आणि अंग मात्र फिरले. कोणाचा धक्का नाही, पडणे नाही. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झालेला तिने स्वतः ऐकला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळासारखा सुजला. पुढे जे ज्ञान मला झाले ते कोणत्याही बापाला होऊ नये अशा रीतीने झाले. पण झाले आहे तर सांगतो. गुडघ्याच्या पोटात दोन बंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतला पुढचा, ज्याला डॉक्टरमंडळी एसीएल म्हणतात, तो उण्यापुऱ्या तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा. नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे निसटू नये म्हणून निसर्गाने बांधलेला हा दोर. तो तुटला की सहसा आपण होऊन सांधत नाही. मग मांडीच्या मागच्या बाजूची कंडरा काढायची, तिच्या घड्या घालून नवा दोर वळायचा, दोन्ही हाडांत बोगदे पाडायचे आणि त्यांतून तो ओवायचा. हे सारे बोटभरही नसलेल्या भोकांतून. एका भोकातून पेन्सिलीहून बारीक दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. बोगदा जागेपासून काही मिलिमीटर चुकला तरी नवा दोर एक तर सैल पडतो, नाही तर गुडघ्याला वाकू देत नाही.

पुण्यातल्या ज्या रुग्णालयात आम्ही गेलो तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर होता. मराठवाड्यातला, तिशी ओलांडलेला, बोलायला गोड. त्याला तिथे 'फेलो' म्हणत. साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस., त्यावर तीन वर्षे अस्थिरोगात एम.एस., म्हणजे हाडाचा डॉक्टर म्हणून गावात पाटी लावायला पुरेशी विद्या झालेला हा गृहस्थ आणखी एक वर्ष शिकाऊ म्हणून राहिला होता. खेळाडूंचे गुडघे आणि खांदे, एवढ्यासाठीच. अमेरिकेत तर कॉलेजची चार वर्षे, वैद्यकीय चार, रुग्णालयातली उमेदवारीची पाच आणि मग हे फेलोचे एक, अशी चौदा वर्षांची वनवासाची गणती पुरी होते. तिकडचे फेलो शस्त्रक्रियेच्या खोलीत शिकतात तसे कॉलेजच्या सामन्यांत मैदानाच्या कडेला बसूनही शिकतात. 2007 सालापासून ह्या शाखेची वेगळी प्रमाणपत्र-परीक्षाही तिथे घेतली जाते. मी स्वतः मॅट्रिक आणि चित्रकलेची पदविका एवढ्या शिदोरीवर शाळेत चित्रकला शिकवणारा आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारा माणूस. इतकी वर्षे शिकून झाल्यावर मनुष्य पुन्हा शिकाऊ का होतो, हे मला पहिल्या दिवशी समजले नाही.

दुसऱ्या दिवशी समजले, त्यानेच समजावले. पुस्तकातले सगळे आधीच शिकून झालेले असते. ह्या वर्षात शिकायचे ते हाताने. डोळे समोरच्या पडद्यावर, हात खाली. दुर्बिणीचे भिंग बहुधा तीस अंशांनी तिरपे, म्हणजे नळी एकीकडे रोखलेली आणि दिसणारे दृश्य जरा बाजूचे. आरशात पाहून चित्र काढावे तसे. मी वर्गात मुलांना एकदा तसे काढायला लावले होते. चांगल्या-चांगल्यांची रेघ वाकडी गेली. पण त्यांच्याजवळ रबर होते. फेलो आधी नुसता पाय धरतो, मग दुर्बीण धरतो, मग बाजूच्या टेबलावर कंडरेचा दोर वळतो, मग एखादा बोगदा पाडतो. गुरूचा हात मागे असतोच. होता होता एक दिवस असा येतो की गुरू समोर उभा असतो, पाहत असतो, आणि सगळे शिष्य करतो.

आमच्या मुलीचा दिवस नेमका तसा असणार होता. मोठे डॉक्टर सरळ मनाचे. त्यांनी काही लपवले नाही. "हे करतील, मी शेजारी असेन," असे ते त्या तरुणाकडे हात करून म्हणाले. मी म्हणालो, "नाही डॉक्टर, आपणच करा." विचार केला नाही, क्षणभर थांबलोही नाही. तो तरुण तिथेच उभा होता. मोठे डॉक्टर मान हलवून "ठीक आहे" म्हणाले. कसलाही वाद झाला नाही. शिक्षकांच्या पतपेढीतून मी कर्ज काढले होते; मनात असेही आले असावे की पैसे मोजतो आहे, तर हातही मी निवडीन. शस्त्रक्रिया मोठ्या डॉक्टरांनी केली आणि उत्तम केली.

वाचकहो, तुमच्यांतला कोणता बाप निराळे वागला असता? हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आणि प्रत्येक वेळी स्वतःची सुटका करून घेतली. बिघडले ते संध्याकाळी. तो फेलो मुलीचा गुडघा किती वाकतो ते पाहायला आला. माझ्या नकाराची एवढीशीही सावली त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. मुलगी सोळा वर्षांची, आणि त्या वयात जीभ फार सरळ असते. ती त्याला म्हणाली, "बाबांनी तुम्हाला करू दिलं नाही. मग तुम्ही कोणावर शिकणार?"

तो हसला. म्हणाला, "आमच्या गोत्राची गोष्ट सांगतो." आणि खाटेच्या कडेला बसून त्याने तोक्योची गोष्ट सांगितली.

1918 साली तोक्योत केन्जी ताकागी नावाच्या डॉक्टराने मूत्राशय तपासायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून आत डोकावून पाहिले. त्या काळी तिकडे क्षयाने गुडघे आखडत. आणि जपानी माणूस आपल्यासारखाच जमिनीवर बसणारा, त्यामुळे आखडलेला गुडघा म्हणजे पंगतीतून, पूजेतून, चारचौघांतून उठणेच. रोग लवकर दिसावा म्हणून ही धडपड. त्याचा शिष्य मासाकी वातानाबे. त्याने नळीमागून नळी घडवली. एकविसावा नमुना कामाचा निघाला. त्याच्या टोकाशी एक इवलासा दिवा होता आणि तो कधीकधी गुडघ्यातच फुटे! 4 मे 1962 रोजी वातानाबेने नळीतून पाहत पाहत गुडघ्यातल्या फाटक्या गादीचा तुकडा प्रथम कापून काढला. रोगी सतरा वर्षांचा मुलगा, बास्केटबॉल खेळताना जखमी झालेला. 1964 साली ऑलिंपिकच्या निमित्ताने कॅनडाच्या पथकाबरोबर रॉबर्ट जॅक्सन नावाचा तरुण शल्यविशारद तोक्योला गेला. वेगळ्याच अभ्यासासाठी प्रवासी फेलोशिप मिळाली होती; पण वातानाबेची नळी पाहिली आणि तो तिथेच अडकला. गुरूने त्याला नळी शिकवली आणि त्याने गुरूला इंग्रजी शिकवले. ही गुरुदक्षिणा मला फार आवडली. जॅक्सन ती विद्या घेऊन टोरंटोला गेला आणि तिथून ती पश्चिमेकडे पसरली.

"म्हणजे आमच्या शाखेतला हा एक आद्य फेलो," तो म्हणाला, "आणि त्याच्याही आधी तो सतरा वर्षांचा मुलगा."

गोष्ट संपवून तो गेला. मुलगी झोपली. मला मात्र त्या मुलाने झोपू दिले नाही. त्याला कोणी विचारले होते का? तुझ्यावर हे पहिल्यांदाच होते आहे, असे कोणी सांगितले होते का? कदाचित सांगितलेही असेल.

ह्याच्या उलट एक उदाहरण मी पुढे वाचले. अमेरिकेत बेसबॉल हा त्यांचा क्रिकेटएवढाच लाडका खेळ. टॉमी जॉन नावाचा त्यांचा एक नामांकित गोलंदाज, तिथे ज्याला पिचर म्हणतात. 1974 साली त्याच्या डाव्या कोपरातला बंध तुटला. तोवर अशी दुखापत म्हणजे पिचरच्या कारकिर्दीचा शेवट. फ्रँक जोब ह्या डॉक्टराने त्याच्या उजव्या मनगटातली कंडरा काढून कोपरात बसवण्याचा बेत सांगितला आणि जोडीला हेही सांगितले की यशाचा संभव शंभरांत एक. त्याने होकार दिला. 25 सप्टेंबर 1974 रोजी शस्त्रक्रिया झाली. 1976 साली तो मैदानावर परतला आणि 1989 पर्यंत खेळला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 ह्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ती शस्त्रक्रिया डॉक्टराच्या नव्हे, रोग्याच्या नावाने ओळखली जाते. मला हा फार मोठा न्याय वाटतो. पहिला घाणा ज्याने स्वखुषीने आणि डोळे उघडे ठेवून खाल्ला त्याचे नाव कढईला मिळाले. पण स्वखुषी त्याला परवडण्यासारखी होती. तो प्रसिद्ध होता, डॉक्टर त्याच्या ओळखीचा होता, आणि 'नाही' म्हणाला असता तर कोणी त्याला वॉर्डातून हलवणार नव्हते.

माझ्या नकाराला एक थोर सोबतीही मिळाला, आणि त्याने मला अधिकच अडचणीत टाकले. अतुल गावंडे हे बोस्टनचे शल्यविशारद. जन्म अमेरिकेतला, पण घराणे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावच्या शेतकऱ्यांचे. 'कॉम्प्लिकेशन्स' ह्या 2002 सालच्या पुस्तकात शिकाऊ हातांविषयी त्यांनी जे लिहिले आहे तितके स्पष्ट क्वचितच कोणा डॉक्टराने लिहिले असेल. स्वतःच्या तान्ह्या मुलाला हृदयाचा दोष होता. ज्या फेलोने रुग्णालयात त्याची देखभाल केली त्यानेच पुढेही पाहण्याची तयारी दाखवली. तरी आईबापांनी निवडले ते वरिष्ठ डॉक्टरांना. स्वतः शिकाऊ असताना दुसऱ्यांच्या शरीरांवर शिकलेला माणूस आपल्या लेकराची वेळ येताच माझ्यासारखाच वागला, आणि ते त्याने छापून टाकले. वाचून मला आधी हायसे वाटले. मग लाज वाटली. कारण ही निवड सर्वांना मिळणे शक्य नाही, हे तेही जाणतात आणि मीही. शिकाऊ हाताला आपण नकार दिला म्हणजे तो हात नाहीसा होत नाही. तो शेजारच्या दारापाशी जाऊन उभा राहतो. ज्याला पुस्तके वाचता येतात, ज्याची कोणाशी ओळख आहे, ज्याच्या खिशात पतपेढीचे का होईना पण पैसे आहेत, तो आपले दार लावून घेतो. दार नसलेला मग शिल्लक राहतो.

ह्यावर सुशिक्षित उत्तरे पुष्कळ आहेत. हल्ली प्लॅस्टिकच्या गुडघ्यांवर सराव होतो, संगणकाच्या पडद्यावर होतो, मृतदेहांच्या सांध्यांवर तर होतोच. हे सारे खरे आणि चांगले. पण प्लॅस्टिकला रक्त येत नाही आणि मृताला उद्या चालायचे नसते. कधीतरी पहिला जिवंत गुडघा येणारच. दुसरे उत्तर असे की गुरू शेजारी असताना रोग्याचे नुकसान होत नाही. हेही मी बव्हंशी मानतो. तसे नसते तर हे वर्ष म्हणजे अघोरी प्रकार ठरला असता. आणि वर्षभर कोणाच्या नजरेखाली चुकत शिकण्याऐवजी परगावी एकट्याने चुकत शिकणारा हात रोग्याच्या दृष्टीने कितीतरी वाईट. पण मानतो म्हणावे आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी 'आपणच करा' म्हणावे, ह्याला मानणे म्हणतात की काय, हे मला कोणीतरी सांगावे.

आणि मी कोण बोलणारा! माझ्या पहिल्या वर्षीचे विद्यार्थी मला आठवतात. तेव्हा मी तेवीस वर्षांचा. एक मुलगा माणसांची डोकी नेहमी मोठी काढी. मी त्याची वही वर्गासमोर उंच धरली आणि सगळे हसले. त्याने पुढे चित्रकला सोडली. आज मी ते करणार नाही. डोकी मोठी काढणारी मुले माणसांचे चेहरे पाहत असतात, हे आज मला माहीत आहे. पण ते मी कोणावर शिकलो? त्या मुलाच्या बापाची सही कोणी घेतली नव्हती. माझ्याशेजारी कोणी मोठा मास्तर उभा नव्हता. शल्यविशारदाची चूक निदान चित्रांत दिसते, कागदावर नोंदली जाते. मास्तराची चूक मुलगा मुकाट्याने घरी घेऊन जातो. आम्हा मास्तरांनाही शिकवण्यापूर्वीचे शिक्षण असते, नाही असे नाही. पण फेलोसारखे एक वर्ष, प्रत्येक तासाला मागे जाणता हात असलेले, मला मिळाले असते तर, असे आता वाटते.

ज्या दिवशी आम्हाला घरी सोडायचे होते त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत रोग्यांचे नातेवाईक पथाऱ्या टाकून झोपत. तिथे कोल्हापूरकडचा एक गृहस्थ भेटला. कान मोडलेले, मान रेड्यासारखी; कधीकाळी कुस्ती केलेला. त्याचा मुलगाही तालमीतला, डाव खेळताना त्याचाही तोच बंध तुटलेला. धर्मादाय रुग्णालयांत शेकडा दहा खाटा निर्धनांसाठी आणि दहा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवण्याची आपल्याकडे योजना आहे. त्यांतल्या एका खाटेवर तो मुलगा होता. त्याचे ऑपरेशन त्या सकाळीच झाले होते. कोणी केले ते मला विचारावे लागले नाही. बापानेच सांगितले.

"त्या तरण्या डाक्टरांनी क्येलं. मोठं सायेब हुतं शेजारी. आधी समदं इस्कटून सांगितलं मला. मानूस ग्वाड हाय."

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारले.

"भ्या कशाचं, गुरुजी? वस्तादबी आधी कुनाच्या तरी अंगावर डाव शिकूनच वस्ताद हुतोय की. माझ्याच अंगावर चार पोरं डाव शिकली. त्यातला एक आज मोठ्या मैदानात खेळतोय."

हे ऐकून माझ्या छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले. मनात म्हटले, पाहा, हा माणूस माझ्याहून मोठा. ह्याने समजून-उमजून दान केले. मग मी माझ्या नकाराची एवढी चिकित्सा का करतो आहे? एखाद्या कादंबरीतला प्रसंग असता तर मी प्रकरण इथेच संपवले असते. पण मास्तरकीची खोड वाईट. मला उत्तर मिळाले तरी प्रश्न पुरता तपासल्याशिवाय चैन पडत नाही.

मी विचारले, "पण तुम्हाला नको वाटलं असतं तर? मोठ्या डॉक्टरांनीच करा, असं तुम्ही म्हणाला असता?"

तो माझ्याकडे बघत राहिला. थट्टा करतो आहे की काय, अशी त्याला शंका आली असावी.

"न्हाई म्हनाय येतंय व्हय?" तो म्हणाला.

मी उत्तर दिले नाही. वर कोणीतरी घंटी वाजवली. तो उठला, प्लॅस्टिकची बाटली घेऊन पाणी भरायला नळाकडे गेला, आणि येताना माझीही रिकामी बाटली भरून घेऊन आला.

परवा त्याचा फोन आला होता. पोरगा आता नीट चालतो. आखाड्यात मात्र डॉक्टरांनी अजून उतरू दिलेले नाही. त्याने आधी आमच्या मुलीचा गुडघा कसा आहे ते विचारले. मी म्हणालो, छान आहे, आज चकल्या पाडते आहे. "जमल्या का?" त्याने विचारले. पहिला घाणा बिघडला, असे मी म्हणालो. फोनवर तो मोठ्याने हसला. मुलगी स्टुलावरून हात पुसत म्हणाली, "बाबा, ते डॉक्टर कुठे असतात आता? मला त्यांना डबा पाठवायचाय." त्याचे वर्ष अजून संपलेले नाही, तिथेच आहे, असे मी सांगितले. तिने डबा काढला आणि तिसऱ्या घाण्यातल्या चकल्या एकेक निवडून त्यात रचायला घेतल्या.